कस्तुरीचे हात

"आजपासून हिच्या वतीनं तू बोलायचंस," ताई म्हणाल्या.

मी पेटीच्या पट्ट्या पुसत होते. वर पाहिलं तर खोलीच्या दारात आमच्या गायनाच्या ताई उभ्या, आणि त्यांच्या मागे कस्तुरी हलगेकर. गळ्याला मफलर, हातात औषधांची पिशवी आणि नजर थेट फरशीवर.

"मी? मीच का?" मी विचारलं. "हिला झालंय काय? आणि ताई, हिला माझं बोलणं मुळीच आवडत नाही. परवाच म्हणाली, हेमांगी, तू श्वास कधी घेतेस गं? म्हणजे मी काही मनावर घेतलं नाही, पण—"

"म्हणूनच तू," ताई म्हणाल्या. "तुझ्याकडे बोलणं जास्तीचं आहे. त्यातलं थोडं तिला दे."

मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि नीट सांगितलं. कस्तुरीच्या गळ्यात गाठी झाल्या होत्या. डॉक्टरांनी आरशातून पाहिलं होतं. ऑपरेशन टळण्यासारखं होतं, पण एकाच अटीवर. पूर्ण मौन. गाणं नाही, बोलणं नाही, कुजबूजसुद्धा नाही; कुजबुजण्यानं गळा उलट जास्त ताणला जातो. नाताळच्या सुट्टीपर्यंत असं राहायचं, मग पुन्हा तपासणी.

"पण मग जलसा?" माझ्या तोंडून निघून गेलं.

कस्तुरीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. ताईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी जन्मात पहिल्यांदाच आपणहून गप्प बसले.

आमचं निवासी संगीत विद्यालय मिरजेच्या बाहेर, कृष्णाघाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. कोकणापासून सोलापूरपर्यंतची, गळ्यात किंवा हातात काही वेगळं असलेली मुलं तिथं परीक्षा घेऊन निवडली जायची. सकाळी साधी शाळा, दुपारनंतर संगीत. मी जतची. गायनासाठीच निवडली गेले होते, पण वर्षभरानं ताईंनी एके दिवशी मला बोलावून सांगितलं, "उद्यापासून तू पेटी शिक." कारण विचारायची हिंमत झाली नाही. एक संध्याकाळ रडून काढली. मग पेटी आवडायला लागली.

कस्तुरी मात्र गाण्यासाठीच जन्मली होती. ती खानापूरची, माझ्याहून एका वर्षानं मोठी. ती तंबोरा जुळवायला लागली तरी शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीशी यायची. तिला ते ठाऊक होतं आणि आपल्याला ते ठाऊक आहे हे ती लपवतही नव्हती. दर डिसेंबरात आमचा वार्षिक जलसा व्हायचा. त्या वर्षीच्या जलशात विद्यालयाचे अध्यक्ष टेंगसेबुवा एका 'खास विद्यार्थ्या'ची निवड करणार होते. निवडलेल्यानं दहावीनंतरही विद्यालयातच राहायचं आणि बुवांकडे शिकायचं. बाकीच्यांनी दहावी झाली की घरी. ती जागा कस्तुरीची हे आचाऱ्यालासुद्धा ठाऊक होतं. म्हणूनच ती पहाटे सगळ्यांच्या आधी उठून न्हाणीघरात कोंडून घेऊन वरच्या पट्टीत ताना घोटायची. ताईंनाही याचा पत्ता नव्हता. गळा गेला तो त्यामुळेच.

पहिले काही दिवस भयंकर गेले. ती माझ्याच खोलीतल्या दुसऱ्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडायची आणि मी एकटीच बोलायचे. जेवणात काय आहे, भूगोलाच्या बाई कुणावर ओरडल्या, दिलरुब्याच्या वर्गात कुणाची तार तुटली. तिनं एकदा उशी फेकून मारली. मी ती परत नेऊन दिली आणि पुढचं सांगायला लागले. ताईंनी काम दिलं होतं ना!

मग एका दुपारी मी पेटीवर हंसध्वनी रागाचा रियाज करत होते. तिच्या कॉटवरून टण्ण आवाज आला. तिनं स्टीलच्या भांड्यानं कॉटची दांडी वाजवली होती. मी थांबले. ती पाठमोरीच. पुन्हा वाजवायला लागले, पुन्हा त्याच जागी टण्ण.

"चुकलं का काही?"

तिनं होकारार्थी मान डोलावली.

"काय चुकलं? सूर तर बरोबर आहेत. सा, रे, ग, प, नी. यात चुकायला आहेच काय?"

ती उठून बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग उजवा हात उचलला आणि हवेत एक रेघ काढली. गंधारावरून निघालेली ती रेघ पंचमाला जाऊन टेकली. पण सरळ नाही, मध्ये किंचित वाकून, मागे वळून पाहिल्यासारखं करून. मला ते इतकं स्पष्ट दिसलं, की मी खुळ्यासारखी टाळी वाजवली.

"कळलं! पण पेटीवर कसं काढू? पेटीवर अशी सुरावरून सुरावर घसरत जाणारी मींड येतेय होय? पट्टी दाबली की सूर, सोडली की संपलं."

तिनं बोट माझ्या गळ्याकडे रोखलं.

"मी? छे. मला काढलंय गाण्यातनं. तुला ठाऊक आहे की."

बोट हललं नाही.

मी गायले. जमलं नाही. तिनं मूठ आवळून थांबवलं, पुन्हा हात उचलला, या वेळी सावकाश. चौथ्या की पाचव्या खेपेला माझा सूर तिच्या बोटांच्या मागोमाग गेला आणि पंचमावर अलगद उतरला. मला अंगभर काटा आला. तिचा हात थांबला नव्हता. तो वर निषादाकडे गेला, तिथं थरथरला, खाली झेपावला. मी त्याच्या मागे. पुढे काय येणार ते मला ठाऊक नव्हतं, आणि आलं की वाटायचं, दुसरं काही येऊच शकलं नसतं.

"कस्तुरी," मला धाप लागली होती, "कुठली बंदिश ही? ताईंनी शिकवली तुला?"

तिनं नकारार्थी मान हलवली. तळहात छातीवर ठेवला.

"तुझी? तू केलीस? केव्हा?"

तिनं भिंतीकडे बोट दाखवलं. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची तेव्हा! मला वाटलं होतं ती रडतेय.

त्या दिवसापासून आमचं जे काही सुरू झालं, त्याला काय म्हणावं हे मला आजही सुचत नाही. शाळा सुटली की आम्ही मागच्या अंगणातल्या कडुनिंबाखाली पळायचो. तिचे हात बोलायचे, मी गायचे. तळहात आडवा धरला की सूर धरून ठेवायचा, मूठ म्हणजे थांबायचं, कोपर उचललं की श्वास. एक ओळ पक्की झाली की ती माझ्या पाठीवर असा धपका मारायची की ठसका लागावा. तिला शब्द हवे होते. ते तिला करता येईनात, म्हणून मी केले:

ऊठ पाखरा, ऊन आले,
पंखावरचे दंव गळाले.

तिनं नाक मुरडलं, पण ठेवले.

मग एकदा मी पहिली ओळ गात असताना तिनं डावा हात उचलला आणि दोन्ही हातांनी दोन वेगळ्या गोष्टी दाखवायला लागली. उजवा हात धावत होता आणि डावा नुसता षड्जावर उभा होता.

"अगं, एका वेळी मी दोन कशी गाऊ?"

तिनं इकडेतिकडे पाहिलं. नळावर धाकटी मुलं ताटल्या घासत होती. ती तडक गेली आणि त्यांतल्या चौघांना दंडाला धरून घेऊन आली.

चौघांची दहा झाली, दहांची तीसेक. संध्याकाळच्या खेळाच्या तासाला अख्खं वसतिगृह कडुनिंबाखाली जमायला लागलं. धाकट्यांनी खुणांना नावंसुद्धा ठेवली. आडव्या तळहाताला 'भाकरी', वर चढत जाणाऱ्या हाताला 'पतंग', मुठीला 'कुलूप'. कस्तुरी एका गटाला भाकरी दाखवायची, त्याच वेळी दुसऱ्याचा पतंग करायची, आणि मधूनच तिसऱ्याचं कुलूप उघडायची. सूर एकमेकांवर चढायचे, आणि त्यांतून असा काही नाद उठायचा की पोरं गाता गाता हसायला लागायची. मी पेटी घेऊन कडेला बसायचे आणि तिच्या वतीनं ओरडायचे. "नंदू, तुझा रिषभ पडतोय! मागच्या रांगेनं श्वास चोरायचा नाही!" ती फक्त माझ्याकडे बघायची, आणि काय म्हणायचं ते मला कळायचं. हे कसं व्हायचं ते सांगता येणार नाही, पण व्हायचं.

तबल्याचे सत्तारचाचा एकदा सायकलवरून घरी निघाले होते. ते फाटकातूनच परत फिरले. सायकल झाडाला टेकवली, खाली बसले आणि मांडीवरच ठेका धरला. दुसऱ्या दिवशी तबला घेऊन आले.

"चाचा, तुम्ही घरी नाही गेलात?" मी विचारलं.

"जातोय की," चाचा म्हणाले. "पोरीचा हात बघून जातो. तोंडानं गाणारे लय बघितले."

ताई सगळं वरच्या गच्चीवरून पाहत होत्या. त्या एकदाही खाली आल्या नाहीत. जलशाचा कार्यक्रम फलकावर लागला तेव्हा त्यात कस्तुरीच्या एकल गाण्याच्या जागी लिहिलं होतं: समूहगान, हंसध्वनी, रचना कस्तुरी हलगेकर. तिनं ते वाचलं, माझा हात धरला आणि मला ओढत अख्ख्या मैदानाला चक्कर मारली.

जलशाच्या आदल्या दिवशी तिचे वडील आले.

परशरामकाका खानापुरात पिठाची गिरण चालवायचे. उंच, ओढल्या चेहऱ्याचा माणूस. ताईंच्या खोलीत खुर्चीच्या टोकावर बसले होते, टोपी गुडघ्यावर. आम्हा दोघींना आत बोलावलं.

"मला लई उशिरा कळलं की ताई," ते म्हणाले. "गळाच नाही म्हटल्यावर हिला हितं ठेवून काय करायचं? तुमची बी जागा अडते. घरी नेतो. आई हाय, भावंडं हायत. बरी होईल तवा होईल."

"गळा नाही असं कोण म्हणालं?" ताई म्हणाल्या. "विश्रांती चालली आहे."

"आणि नाहीच आला आवाज, तर? तुम्ही ल्हिऊन देताय काय?"

ताईंनी खोटं सांगितलं नाही. "नाही," त्या म्हणाल्या. "ते कुणीच देऊ शकत नाही."

"मग झालं की. जलसा झाला की येऊ दे माझ्यासंगट."

मी कस्तुरीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं मफलर ओढून काढला. खांदे मागे घेतले, पोटात श्वास भरला. मला तो श्वास ओळखीचा होता. वरच्या षड्जाच्या आधीचा.

मी उडी मारली आणि दोन्ही हातांनी तिचं तोंड दाबलं.

ती कडकडून चावली. मी किंचाळले, पण हात सोडला नाही. आम्ही दोघी ताईंच्या टेबलावर आपटलो, पाण्याचा तांब्या उलटला, काका टोपीसकट उभे राहिले. "अगं सोड! काय चाललंय हे?"

"ही गाणार होती!" मी ओरडले. "आता गायली तर आजवरचं सगळं फुकट! काका, हिला काय गायचंय ते मला येतं. मी दाखवते. तुम्ही बसा. बसा आधी!"

इतक्या मोठ्या माणसाला मी दरडावून 'बसा' म्हटलं. ते बसले.

कस्तुरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी तिच्यासमोर उभी राहिले. "हात उचल," मी म्हटलं. "कस्तुरी, उचल ना गं हात."

तिनं मनगटानं डोळे पुसले. मग तिचा हात उठला. सावकाश. मी गायले. हाताला झोंबत होतं, तांब्यातलं पाणी पायाखाली पसरलं होतं, आणि ती गंधारावरून पंचमाकडे निघाली होती. काका तिच्या हातांकडे पाहत होते. ओळ संपली तेव्हा त्यांनी मला विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?"

"हिनं."

"पण ही बोलत नाही न्हवं?"

"नाही."

ते टोपी दोन्ही हातांत फिरवत राहिले. मग ताईंकडे वळून म्हणाले, "उद्या बघतो. उद्याचं बघून काय ते ठरवतो."

जलशाचा मांडव मैदानात होता. गावातली पाच-सहाशे माणसं, पुढे गाद्यांवर टेंगसेबुवा आणि विश्वस्त मंडळी. दिवेलागण झाली. आमचा क्रमांक आला. मुलं तीन अर्धवर्तुळांत उभी राहिली, चाचा तबल्यावर, मी पेटीवर. कस्तुरी आली, सभेला नमस्कार केला आणि वळून सभेकडे पाठ करून उभी राहिली.

सभेत कुजबूज झाली. बुवांकडे पाठ! एक विश्वस्त उठायलाच लागले होते. बुवांनी हातानंच त्यांना बसवलं.

तिनं कोपरं उचलली. तीसेक मुलांनी एकदम श्वास घेतला. आणि षड्ज लागला.

तसा षड्ज मी पुन्हा फारसा ऐकला नाही. कुजबूज जागच्या जागी थांबली. पहिला गट उभा राहिला, दुसरा त्याच्या अंगाखांद्यावरून वर निघाला, चाचांनी सम अशी दिली की पुढच्या गाद्यांवरून "आहा!" आलं. पोरांचे डोळे तिच्या बोटांवर खिळलेले. भाकरी, पतंग, कुलूप, पुन्हा पतंग. अंतरा झाला. आता शेवटचा भाग, जो कधीच ठरलेला नसायचा. त्यात कस्तुरी त्या क्षणी हातानं जे काढेल ते मी आधी गायचं आणि मुलांनी उचलायचं.

आणि दिवे गेले.

मांडव, मैदान, रस्ता, सगळीकडे मिट्ट काळोख. माइक खटकन मेला. सभेत "अरे, अरे" झालं. कस्तुरीचे हात दिसेनात. मुलांचा सूर एकेका कोपऱ्यातून विरत चालला, जशी भिजलेली उदबत्ती विझते. धाकट्यांपैकी कुणीतरी मुसमुसलं.

चाचांचा ठेका मात्र चालू होता. थोडा हळू, पण चालू. ते काळोखातच म्हणाले, "हेमा, सम येतीय. धर."

काय धरू? पुढचं तिच्या हातात होतं. मी तोंड उघडलं आणि गंधार लावला, एवढंच. तो लावून धरून ठेवला. माइकशिवाय, काळोखात, सहाशे माणसांसमोर. मला माझाच आवाज ऐकू येत होता आणि तो मला अनोळखी वाटत होता.

मग माझ्या पाठीवर हात पडला.

ती चाचपडत आली होती. तिनं तळहात माझ्या मणक्यावर टेकवला आणि बोटं वर सरकवली. पंचम. मी पंचमावर गेले. थोपटलं, श्वास. बोटं थरथरली, निषाद. मग तिनं पाठीवर जे काढायला सुरुवात केली ते आम्ही कधीच बसवलं नव्हतं. ती बोटं धावत होती, वळत होती, खांद्यापर्यंत चढून घसरत खाली येत होती, आणि मी त्यांच्यामागे वेड्यासारखी पळत होते. मुलांनी ऐकलं. पहिल्या फेरीला चार-पाच आवाज आले, दुसऱ्या फेरीला सगळे. मी एक तुकडा टाकायचा, काळोखातून तीस गळ्यांनी तो परत फेकायचा. चाचांनी लय वाढवली. माझ्या मागे तिचा श्वास ऐकू येत होता, ती धापा टाकत होती, हसत होती की काय कोण जाणे. पुढून बुवांचा मोठा आवाज आला, "क्या बात है! चलने दो!" आणि सहाशे माणसं टाळीवर ताल धरायला लागली.

तिनं माझ्या खांद्यावर तीनदा थाप मारली. तिहाई, तोच तुकडा तीनदा. आम्ही सगळे मिळून समेवर कोसळलो.

दिवे बऱ्याच वेळानं आले. तोवर लोक टाळ्या वाजवून वाजवून दमले होते आणि धाकटी मुलं रंगमंचावर एकमेकांना शोधत होती. उजेडात पहिल्यांदा मला दिसले ते परशरामकाका. ते रंगमंचाच्या पायऱ्यांशी उभे होते आणि टोपीनं डोळे पुसत होते. कस्तुरी त्यांच्याकडे गेली. त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले, जणू पहिल्यांदाच पाहत होते.

"राहा," ते म्हणाले. "राहा बाई हितंच."

टेंगसेबुवा काठी टेकत तिथं आले. विश्वस्त मागोमाग. "बुवा, पण खास विद्यार्थी गायकच असायला हवा असा नियम आहे," एकजण म्हणाले.

"नियम कुणी केला?" ताईंनी विचारलं.

"मी," बुवा म्हणाले. "तेव्हा मला ठाऊक नव्हतं, गाणं हातातूनही निघतं. ही राहील. आवाज आला तर आला, नाही आला तरी राहील." मग त्यांची नजर माझ्यावर आली. "आणि ही पेटीवाली कोण? ही गायनाच्या वर्गात का नाही?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं.

"कारण ही माझ्यासारखं गायची," त्या म्हणाल्या. "मी वर्गातून गेले की कस्तुरीसारखं. रेडिओ लागला की रेडिओवरच्या बाईसारखं. अप्रतिम नक्कल. हिचा स्वतःचा आवाज कसा आहे ते मला वर्षभरात एकदाही ऐकू आलं नाही. म्हणून पेटी दिली, म्हटलं थोडी गप्प तर बसेल. पण हिनं पेटीतूनही नकला सुरू केल्या!" बुवा हसले. ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या चावलेल्या हातावरची पट्टी नीट केली. "मग ही कस्तुरी मुकी झाली. मला वाटलं, जे कुणीच गायलेलं नाही ते हिच्यापुढे आलं, तर नक्कल कुणाची करणार? सोमवारपासून माझ्या वर्गात ये. तंबोरा घेऊन."

मला एक शब्द बोलता आला नाही. कस्तुरीनं माझ्याकडे बोट दाखवून तोंडावर हात ठेवला आणि तिचे खांदे हसण्यानं गदगदले.

सुट्टी लागायच्या आधी आम्ही सगळे तिच्या तपासणीला गेलो. ताई, परशरामकाका, मी. डॉक्टरांनी दिवा लावून आरसा आत घातला आणि खूप वेळ पाहिलं. मग म्हणाले, गाठी विरल्यात. गाणं इतक्यात नाही. कदाचित वरची पट्टी पूर्वीसारखी येणारही नाही. पण बोलायला हरकत नाही. रोज पाच मिनिटं, हळू आवाजात, कुजबूज न करता.

"हं, बोल आता," डॉक्टर म्हणाले. "काहीही बोल. नाव सांग."

काका पुढे सरकले. ताईंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. मीही श्वास रोखला. एवढ्या दिवसांच्या मौनानंतरचा पहिला शब्द! बापाला हाक मारेल, ताईंना काही म्हणेल.

कस्तुरीनं घसा साफ केला आणि माझ्याकडे वळली.

"तुझा निषाद चढला होता," ती म्हणाली. आवाज घोगरा, जाडसर, पण सुरात. "काळोखात. दोनदा."

"दोनदा?" मी उसळले. "कुठं? एकदा असेल फार तर! आणि तू पाठीवर एवढं जोरात दाबलंस तर चढणार नाही तर काय होणार!"

"दोनदा. आणि तिहाईआधी श्वास चोरलास."

परशरामकाका मोठ्यांदा हसायला लागले, ताई "अगं, हळू, हळू" म्हणत राहिल्या, आणि डॉक्टर घड्याळाकडे बघत बसले. पाचांतली चार मिनिटं तिनं माझ्या चुका सांगण्यात घालवली. आम्ही भांडतच बाहेर पडलो, भांडतच रिक्षात बसलो.

रिक्षा घाटाच्या रस्त्याला लागली तेव्हा तिनं माझं मनगट पकडलं.

"एक मिनिट उरलंय," ती म्हणाली. "पुढचं सुचलंय. गेल्या गेल्या पेटी काढ. नाही, पेटी राहू दे. तू नुसती उभी राहा."